तेल कधी बदलायचं? एका आकड्याचा इतिहास



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काही जणांनी आयोजकांकडे चौकशी केली म्हणे, की तत्त्वज्ञानाचे मास्तर इंजिन ऑइलवर काय बोलणार? शंका रास्त आहे. पण ज्ञानशास्त्राच्या वर्गात आम्ही जे प्रश्न वर्षानुवर्षं शिकवले, त्यांच्यातल्या बऱ्याच प्रश्नांपेक्षा हा प्रश्न आम्हांला अधिक जिवंत वाटतो. कारण तो रोजचा आहे, आणि त्याची उत्तरं एकमेकांशी भांडतात. गाडीच्या पुस्तिकेत दहा हजार किलोमीटर छापलेलं असतं. गॅरेजवाला म्हणतो, पाच हजारांना बदला. सोसायटीतले कुणी अनुभवी गृहस्थ सांगतात, काळं पडलं की बदलायचं, आकडे काय बघता! आणि गिअरबॉक्सचं तेल म्हणाल, तर शोरूममधला मुलगा सांगतो की त्याला हात लावू नका, ते आयुष्यभराचं आहे. चौघंही ठामपणे बोलतात, आणि चौघांपैकी एकानेही आपल्या गाडीतलं तेल प्रयोगशाळेत तपासलेलं नसतं. मग हे आकडे आले कुठून? आज आपल्याला एवढंच पाहायचं आहे.

मुळात 'तेल बदलणे' ही कल्पनाच नवी. आपल्या भाषेत वंगण 'घालतात'. बैलगाडीच्या आखाला वंगण घातलं, ते उडालं, पुसलं गेलं, धुळीत मिसळलं, की पुन्हा घातलं. काढून टाकायला मागे काही उरतच नसे. सुरुवातीच्या मोटारींचंही असंच होतं. थेंब थेंब तेल बेअरिंगवर पडायचं, काम करायचं, आणि रस्त्यावर गळून तरी जायचं किंवा जळून तरी. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची रोटरी इंजिनं तर चक्क एरंडेलावर चालत. पेट्रोलात ते सहजी विरघळत नाही, हा त्याचा मोठा गुण. अर्धवट जळालेलं एरंडेल बाहेर फेकलं जाई ते थेट वैमानिकाच्या तोंडावर. आणि एरंडेलाचा जो दुसरा गुण आपल्या आज्यांना पुरेपूर ठाऊक होता, तो त्या वैमानिकांनाही लवकरच कळला. चार्ल्स वेकफील्ड यांच्या कंपनीने १९०९ साली बाजारात आणलेल्या तेलाचं 'कॅस्ट्रॉल' हे नावसुद्धा एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच आलेलं आहे.

तेल इंजिनाच्या पोटात साठवून तेच तेच पुन्हा फिरवायला लागल्यावर 'कधी बदलायचं' हा प्रश्न जन्माला आला. त्याचा सर्वांत चांगला नमुना म्हणजे फोर्डचं 'टी' मॉडेल. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींहून अधिक गाड्या. तिच्यात तेलाचा पंप नव्हता. फिरतं फ्लायव्हील खालच्या तेलात बुडायचं आणि ते वर उडवायचं. आणि गंमत अशी की तिचा गिअरबॉक्स इंजिनाच्याच तेलात होता. आज आपण इंजिन ऑइल आणि ट्रान्समिशन ऑइल असे दोन प्रश्न विचारतो. त्या गाडीत तो एकच प्रश्न होता. गिअरच्या पट्ट्यांना सुती अस्तर असे, त्याचे तंतू झिजून त्याच तेलात येत. फोर्डची पुस्तिका सांगायची की नव्या गाडीचं तेल पहिल्या काहीशे मैलांतच काढा आणि पुढे साधारण दर ७५० मैलांनी बदला. ७५० मैल म्हणजे बाराशे किलोमीटर. आजच्या हिशेबाने पुण्याहून मुंबईच्या चार फेऱ्या.

हा आकडा भित्रेपणाचा होता का? मुळीच नाही. त्या गाडीला तेलाचा फिल्टर नव्हता, हवेचाही नव्हता, आणि रस्ते मातीचे. तेल म्हणजे नुसतं शुद्ध केलेलं खनिज तेल, त्यात मिसळलेलं काही नाही. थंडीत चोक ओढून गाडी चालू केली की न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळत खाली यायचं आणि तेल पातळ करायचं. त्या परिस्थितीत ७५० मैल हे अगदी खरं उत्तर होतं. हे आम्ही मुद्दाम सांगतो आहोत, कारण जुन्या नियमांना हसण्याची आपल्याला फार सवय आहे.

पुढे एकेक गोष्ट बदलत गेली. अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्श यांनी १९२३ च्या सुमारास मोटारीसाठी तेलाचा फिल्टर आणला. 'प्युअर ऑइल लेटर' या तीन शब्दांची मोडतोड करून त्यांनी त्याला 'प्युरोलेटर' हे नाव दिलं. १९२४ च्या क्रायसलर गाडीत तो बसला. पण फिल्टर कण अडवतो. पेट्रोल, पाणी, आम्ल यांना तो अडवू शकत नाही. त्यांच्यासाठी रसायनशास्त्राची वाट पाहावी लागली.

ती वाट शेतातून आली. कॅटरपिलरच्या डिझेल ट्रॅक्टरांमध्ये पिस्टनच्या रिंगा काजळीने चिकटून बसत. त्यावर उपाय म्हणून १९३५ च्या सुमारास तेलात साबणासारखं काम करणारी द्रव्यं मिसळायला सुरुवात झाली. त्यांनाच डिटर्जंट म्हणतात. ही द्रव्यं काजळीला धातूवर बसू देत नाहीत, तिचे बारीक कण तेलातच तरंगत ठेवतात. परिणाम काय झाला? तेल काळं दिसू लागलं. ते खराब झालं म्हणून नव्हे, तर नेमून दिलेलं काम करतं म्हणून.

आता इथे आम्हांला आमचा जुना धंदा आठवल्याशिवाय राहत नाही. न्यायदर्शनात 'जिथे धूर तिथे अग्नी' हे अनुमान चालतं, पण उलटं, 'जिथे अग्नी तिथे धूर', चालत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे आणि धूर नाही. धूर येण्यासाठी ओलं सरपण ही आणखी एक अट लागते. तिला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. 'जिथे काळेपणा तिथे खराबी' या अनुमानातही अशीच एक अट लपलेली होती: तेल साधं असलं पाहिजे. साध्या तेलाच्या जमान्यात ते अनुमान बऱ्यापैकी खरं ठरायचं. डिटर्जंट आले, अट मोडली. पण पट्टी पुसून 'काळं झालंय हो' म्हणणारे शंभर वर्षं तेच अनुमान करत आले. डिझेल गाडीत तर नवं तेल घातल्यावर थोड्याच किलोमीटरमध्ये काळं होतं. डोळ्यांना दिसणारा पुरावा इतका कुचकामी ठरल्याची उदाहरणं आमच्या शास्त्रात कमी आहेत.

तीन हजार मैलांच्या प्रसिद्ध नियमाकडे येऊ. अमेरिकेत दोन-तीन पिढ्या या आकड्यावर वाढल्या. तो कुण्या एका माणसाने एका दिवशी शोधला असं नाही, पण त्याच्यामागे सबळ कारणं होती. १९२३ पासून पेट्रोलात शिसं मिसळलं जाई. ज्वलनानंतर त्या शिशाचे क्षार आणि आम्लं पिस्टनच्या कडेने खाली उतरत, तेलात मिसळत. ज्वलनाची वाफ आणि वायूही खाली येत. हे वायू पुन्हा इंजिनात ओढून जाळणारी झडप कॅलिफोर्नियात १९६१ पासूनच्या गाड्यांना आली; तोवर ते एका नळीतून नुसते रस्त्यावर सोडलेले. वर कार्ब्युरेटर आणि चोक होताच. अशा इंजिनाचं तेल तीन हजार मैलांत काढलं, तर कुणी वेड्यात काढणार नाही.

पण १९८० च्या दशकापर्यंत चित्र पार पालटलं. शिसं निघून चाललं होतं, पेट्रोल मोजून फवारणारी इंजेक्शनची यंत्रणा येत होती, तेलं सुधारली होती. त्या काळातल्या अनेक अमेरिकन पुस्तिका उघडल्या की दोन रकाने दिसतात. नेहमीच्या वापरासाठी ७५०० मैल. खडतर वापरासाठी ३०००. आणि त्याच काळात तिथे पंधरा-वीस मिनिटांत तेल बदलून देणारी दुकानं गल्लोगल्ली उघडली. काम झालं की काचेच्या कोपऱ्यात एक छोटं स्टिकर: पुढची तारीख अमुक, पुढचे मैल तमुक. स्टिकरवर कुठला रकाना छापला जाई, हे सांगायला नको.

आम्ही कुणाला लबाड म्हणत नाही. त्यांचा युक्तिवाद दुबळा नव्हता. तो पास्कलच्या पैजेसारखा होता. ईश्वर मानलात आणि तो नसला, तर थोडं गमवाल. न मानलात आणि तो असला, तर सर्वस्व. तेल लवकर बदललंत, तर थोडे पैसे जातील; उशिरा बदललंत, तर इंजिन जाईल. पास्कलच्या पैजेतली गोम इथेही आहे. थोडं म्हणजे किती, आणि ते कोण भरतं? प्रत्येक वेळी निघणारं चार लिटर जुनं तेल जातं कुठे? त्यात धातू आहेत, जळालेली विषारी द्रव्यं आहेत. गटारात ओतलं तर ते नदीत जातं. आपल्याकडे तर ते कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून फासतात, सेंट्रिंगच्या फळ्यांना लावतात, आणि त्यालाच काटकसर म्हणतात. कॅलिफोर्नियाच्या कचरा-व्यवस्थापन खात्याने पुढे लोकांना आवर्जून सांगितलं, की तीन हजारांचा हट्ट सोडा, आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडा बघा. तेल-बदलाच्या प्रश्नात कचरा खात्याने पडावं, हे आम्हांला फार अर्थपूर्ण वाटतं. त्या पैजेत ज्याचा खर्च कुणी धरतच नव्हतं, तो पक्ष बोलायला उभा राहिला.

१९९६ साली 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या अमेरिकन नियतकालिकाने एक मोठी चाचणी छापली. न्यूयॉर्क शहरातल्या ७५ टॅक्सी, नव्याने बांधलेली इंजिनं, प्रत्येक गाडी साठ हजार मैल. काहींचं तेल दर तीन हजार मैलांनी बदललं, काहींचं सहा हजारांनी. नंतर इंजिनं उघडून मोजली. फरक? सांगण्यासारखा नाही. या चाचणीचा दाखला आजही दिला जातो, आणि द्यायलाही हवा. पण जरा थांबू या. टॅक्सी दिवसभर चालते. तिचं इंजिन एकदा गरम झालं की थंड व्हायची संधीच मिळत नाही. शहरातली वाहतूक वाईट हे खरं, पण तेलाच्या दृष्टीने टॅक्सीचं आयुष्य एका बाबतीत सुखाचं आहे. म्हणजे या चाचणीने टॅक्सीबद्दल भक्कम ज्ञान दिलं. तुमच्या-आमच्या गाडीबद्दल किती दिलं, हा वेगळा प्रश्न.

तुमची-आमची म्हणजे कुठली? समोर बसलेल्यांपैकी निम्मे आमच्यासारखे निवृत्त दिसतात. निवृत्त माणसाची गाडी सकाळी दीड किलोमीटर मंडईत जाते, परत येते. संध्याकाळी एखाद्या व्याख्यानाला जाते, परत येते. वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर. मालक अभिमानाने सांगतो, 'आमची गाडी फार वापरलेली नाही'. आणि पुस्तिकेचा 'खडतर वापर' हा रकाना उघडला, तर पहिल्या एक-दोन ओळींतच ही गाडी सापडते! थंड इंजिनात ज्वलनाची वाफ थंड भिंतींवर पाणी होऊन तेलात उतरते, जादा पेट्रोलही उतरतं. लांब पल्ल्यावर तेल नीट तापलं की ते पाणी, ते पेट्रोल उडून जातं. दीड किलोमीटरमध्ये ते कधीच तापत नाही. तेल ओतायचं झाकण उघडल्यावर आत मलईसारखा पिवळट थर दिसला, तर तो बहुधा याचाच. म्हणूनच पुस्तिकेत 'दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते' असं लिहिलेलं असतं. त्या वाक्यातला दुसरा भाग आपण वाचत नाही.

नेमकी ही अडचण जनरल मोटर्समधल्या शर्ली श्वार्ट्झ या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी ओळखली. सगळ्यांना एकच आकडा देणं हीच चूक आहे, हा त्यांचा मुद्दा. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात एक पद्धत बसवली: इंजिनाचे फेरे मोजायचे, आणि तेलाचं तापमान फार कमी किंवा फार जास्त असेल तेव्हा त्या फेऱ्यांचं वजन वाढवायचं. हिशेब शून्यावर आला की दिवा लावायचा. १९८८ च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत ही यंत्रणा आली. लक्षात घ्या, ही यंत्रणा तेलाला स्पर्श करून त्याची तपासणी करत नाही. ती अनुमान करते. पण इथे अनुमानाची अट उघड मांडलेली आहे, आणि ती तुमच्या चालवण्यावरून ठरते. गावठी नियमाच्या मानाने ही फार मोठी झेप होती, आणि तिचं श्रेय घेणाऱ्या बाईंचं नाव गाडीवाल्यांना माहीत नसतं, म्हणून आज घेतलं.

आपल्याकडे येऊ. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० येईपर्यंत आपली निवड काय, तर उत्तरपाड्याची अँबॅसिडर, कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी आणि थोड्याफार स्टँडर्ड गाड्या. इंजिनांची रचना १९५० च्या आगेमागेची, कार्ब्युरेटर, शिसंयुक्त पेट्रोल, आणि नवी गाडी हवी तर वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी. अशा देशात इंजिन सांभाळणं म्हणजे घर सांभाळण्यासारखंच. लवकर तेल बदला सांगणारा मिस्त्री शहाणाच होता. पुढे १९९५ मध्ये चार महानगरांत शिसंविरहित पेट्रोल मिळू लागलं, फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं बंद झालं, कार्ब्युरेटर गेले. ज्या कारणांसाठी आकडा लहान होता, त्यातली बरीच कारणं गेली. आकडा राहिला. तीन हजार मैल म्हणजे सुमारे ४८०० किलोमीटर; आपला पाच हजारांचा आकडा त्याच्या शेजारीच बसलेला आहे.

मग ऐकायचं कुणाचं? शब्दप्रमाण मानायचं तर सांगणारा 'आप्त' हवा: ज्याला वस्तू नीट कळलेली आहे आणि जे कळलं तेच सांगायची ज्याची इच्छा आहे, असा. गॅरेजवाल्याला तुमची गाडी माहीत आहे, पण तेलाच्या डब्यावर त्याची कमाई आहे. कंपनीने इंजिन हजारो तास चालवून पाहिलेलं आहे, पण 'देखभालीचा खर्च कमी' असं जाहिरातीत म्हणायची तिला घाई आहे, आणि तिची जबाबदारी वॉरंटीपाशी संपते. पूर्ण आप्त कुणीच नाही. त्यातल्या त्यात पुस्तिकेची एक बाजू भक्कम आहे: ती आपल्या अटी छापून सांगते. धूळ, उष्णता, थांबत-थांबत चालणारी वाहतूक, छोट्या फेऱ्या. हे वाचताना आमच्यासमोर कर्वे रोड उभा राहतो. ज्याला पुस्तिका 'खडतर' म्हणते ते आपलं रोजचं आहे, आणि 'नेहमीचा वापर' बहुधा फक्त द्रुतगती महामार्गावर सापडतो.

आता गिअरबॉक्स. इथली गोष्ट उलट्या दिशेने गेलेली आहे. जनरल मोटर्सने १९४० च्या मॉडेलसाठी 'हायड्रा-मॅटिक' हा मोठ्या प्रमाणावर बनलेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला. त्यातल्या तेलाला वंगण, थंडावा, शक्तीचं वहन आणि झडपांमधून हुकूम पोहोचवणं अशी कामं एकदम करावी लागतात. सगळ्यांत अवघड काम क्लचच्या चकत्यांचं: त्या आधी अलगद घसरल्या पाहिजेत आणि मग घट्ट धरल्या पाहिजेत. नुसतं निसरडं तेल चालत नाही, नुसतं धरणारंही नाही. १९४९ साली त्यासाठी 'टाइप ए' नावाचं खास तेल ठरलं. गळती ओळखू यावी म्हणून ते लाल रंगवत. आणि ही अलगद घसरण साधण्यासाठी त्यात काय घालत? स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल. दिसायला तेल, पण रसायन म्हणून ते द्रवरूप मेणच. उष्णतेला टिकणारं आणि धातूला धरून राहणारं.

म्हणजे अमेरिकेतल्या उपनगरांत पाय न उचलता गिअर बदलत होता, त्यामागे समुद्रात एक प्राणी मरत होता. १९७० मध्ये अमेरिकेने स्पर्म व्हेलला संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातलं, आयात थांबली, आणि तेल बनवणाऱ्यांना नवी मिश्रणं शोधावी लागली. याच शोधात जोजोबा नावाच्या वाळवंटी झुडपाच्या बियांतल्या द्रवरूप मेणाला भाव आला. आपल्या राजस्थानात जोजोबाची लागवड झाली त्यामागे या देवमाशाच्या गोष्टीचा एक धागा आहे.

गिअरबॉक्समध्ये ज्वलन नाही. काजळी नाही, पेट्रोल नाही. तिथलं तेल म्हातारं होतं ते उष्णतेने आणि चकत्यांच्या झिजेने, म्हणून ते खूप जास्त टिकतं. कृत्रिम तेलं आल्यावर काही मोटार कंपन्या 'लाइफटाइम' म्हणू लागल्या. आम्ही वर्गात विद्यार्थ्यांना पहिला प्रश्न विचारायला शिकवायचो: शब्दाचा अर्थ काय? आयुष्य कुणाचं? तेलाचं, गिअरबॉक्सचं, वॉरंटीचं, की पहिल्या मालकाचं? यावर बोलायचा अधिकार कुणाला असेल तर तो गिअरबॉक्स बनवणाऱ्याला. झेडएफ ही जर्मन कंपनी अनेक मोठ्या मोटार कंपन्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवते. ती सांगते, चालवण्याप्रमाणे ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला, किंवा फार तर आठ वर्षांनी, तेल बदला. ज्या गाड्यांच्या पुस्तिका 'आयुष्यभर' म्हणतात, त्यांतल्या काहींमध्ये हेच गिअरबॉक्स आहेत.

आपल्याकडे आता 'ऑटोमॅटिक' हा एकच शब्द तीन-चार वेगळ्या यंत्रांना लावतात. एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स, क्लच दाबायला यंत्र बसवलेलं; त्याला गिअर ऑइल लागतं. सीव्हीटीत धातूचा पट्टा असतो, त्याचं तेल निराळं. एकाचं तेल दुसऱ्यात घालणं हे जुनं तेल ठेवण्यापेक्षा कितीतरी वाईट. तेव्हा इथे 'कधी' विचारण्याआधी 'कुठलं' विचारा.

एक शेवटची गोष्ट सांगतो आणि मग प्रश्न घेऊ. आकडा नेहमी वाढतच जातो, असा समज करून घेऊ नका. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. डिझेल गाड्यांना काजळी अडवणारी जाळी बसली. ती भरली की जाळून साफ करावी लागते, आणि त्या उष्णतेसाठी बऱ्याच गाड्यांत इंजिन थोडं जादा डिझेल फवारतं. गाडी सतत छोट्या फेऱ्या मारत असेल, तर ही साफसफाई अर्धवट राहते, पुन्हा पुन्हा सुरू होते, आणि ते जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळत खाली तेलात येतं. फोर्डच्या 'टी' मॉडेलमध्ये चोक ओढल्यावर व्हायचं तेच, शंभर वर्षांनी. म्हणून आता पट्टीवर तेल कमी झालेलं दिसतं का, एवढंच बघायचं नाही. ते खुणेच्या वर चढलेलं दिसलं, तर खूश होऊ नका. ते डिझेल असण्याची शक्यता मोठी आहे, आणि त्या वेळी पुस्तिकेतला दहा हजारांचा आकडा बाजूला ठेवून गाडी दाखवायला न्यायची असते.

हं, विचारा आता.